उलट्या बाजूची नथ

घरात लग्नपत्रिका आली की आबा, म्हणजे माझे वडील, आधी चष्मा शोधायचे. हळदीकुंकवाचा ठिपका बोटाला लागणार नाही अशा बेताने पत्रिका उघडायची, देवांची नावं, वधूवरांची नावं, मुहूर्त, सगळं सोडून द्यायचं आणि थेट खाली निमंत्रकांच्या रांगेत बोट फिरवायचं. भाऊबंदांच्या पत्रिकेत आपलं नाव सापडलं की घसा खाकरून चहा मागायचा. सापडलं नाही तर दोन दिवस कुणाशी बोलणं नाही. एका लग्नात त्यांचं नाव धाकट्या चुलतभावाच्या खाली आलं होतं, त्या लग्नाला आबा गेलेच नाहीत आणि आम्हालाही जाऊ दिलं नाही. त्या दिवशी घरात रोजचीच ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि लसणाचा ठेचा झाला, आणि मांडवातल्या वाजंत्रीचा आवाज ऐकत आम्ही तो गुमान खाल्ला.

माझ्या मायला अक्षर येत नव्हतं. आबांचं वाचून झालं की पत्रिका तिच्याकडे यायची आणि ती फक्त वरचं चित्र बघायची. आबा चित्राकडे कधी बघायचे नाहीत आणि माय अक्षराकडे. चित्र मनात भरलं तर ती कणकेची चिमूट ओली करून पत्रिका धान्याच्या पत्र्याच्या कोठीला चिकटवून टाकायची. साक्रीजवळच्या आमच्या त्या तीन खणांच्या घरात भिंतीवर कॅलेंडर सोडून दुसरं चित्र नव्हतं, पण कोठी मात्र गणपती, कळस आणि नवरानवरीने भरून गेलेली. मी चित्र काढायला शिकले ती त्या कोठीपुढे बसून. चुलीतला कोळसा आणि फरशीचा तुकडा, एवढंच सामान. माय भाकरी थापता थापता मागे वळून बघायची आणि 'हात मोठा व्हयी गया' किंवा 'नाक बरं शे' इतकंच म्हणायची. तिच्याइतकी खरी परीक्षक मला नंतर कुणी मिळाली नाही. हे मी कौतुकाने लिहीत नाही, बाकीच्यांच्या नावाने बोटं मोडत लिहिते आहे.

चित्रकलेच्या दोन परीक्षा शाळेतूनच झाल्या. मग धुळ्याला मामाकडे राहून दोन वर्षांचा कोर्स केला. मामा एस. टी. च्या वर्कशॉपमध्ये, मामी तोंडाने फटकळ पण मनाने मोकळी. कोर्स संपला तेव्हा आबा गव्हाचं पोतं घेऊन मामाकडे आले आणि जेवताना, ताटातून मान वर न करता, मला म्हणाले, "आखाजी उनी का तुनं लगीन. वरणगावना पोऱ्या दखेल शे." वरणगावला कारखान्यात कायमची नोकरी, दोन खोल्यांचं क्वार्टर. मामाने मध्ये तोंड घातलं म्हणून एवढंच ठरलं, की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत मला नोकरी लागली तर वर्षभर थांबायचं, नाही लागली तर हळद. आखाजीला तेव्हा दोन महिने होते.

आज माझी भाची मोबाइलवर बोट फिरवून पाच मिनिटांत पत्रिका करते आणि विचारते, "आत्या, त्यात एवढं दारोदार फिरण्यासारखं काय होतं?" काय होतं ते सांगते. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत, आणि त्या नंबरांच्या गल्ल्यांत तेव्हा छापखानेच छापखाने होते. लांबूनच ट्रेडल मशीनची खटाक-धस, खटाक-धस ऐकू यायची आणि रॉकेल नि शाईचा वास यायचा. मी छातीशी चित्रांची फाईल धरून एकेक पायरी चढत होते. एकाने फाईल न उघडताच विचारलं, टायपिंग येतं का. दुसऱ्याने मला ग्राहक समजून पत्रिकांचे नमुने दाखवले. तिसऱ्याने मागच्या खोलीकडे बोट केलं. तिथे सात-आठ बाया जमिनीवर बसून पत्रिकांना घड्या घालत होत्या, बोटं खळीने पांढरी झालेली. "तिथं बसायचं असेल तर उद्यापासून ये," तो म्हणाला. मी म्हटलं, मी डिझाईन करते. तो माझ्याकडे बघून अगदी सरळपणे म्हणाला, "ताई, घड्या घालायला बाया लागतात. डिझाईनला आर्टिस्ट लागतो." त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला हा माणूस आजही आठवतो, आणि आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मग नाना भेटले. त्यांच्या छापखान्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव छापण्याची त्यांना फार हौस होती, ती माझ्या हातून पुरी व्हायला नको. नानांकडे ऑफसेट मशीन होतं. ते पत्रिकांची नुसती रंगीत चित्राची घडी हजारोंनी छापायचे आणि जळगाव, भुसावळ, बोदवड, चाळीसगावच्या लहान छापखान्यांना विकायचे. आतला मजकूर ज्याने त्याने आपला छापायचा. म्हणजे नानांच्या टेबलावर एक चित्र पसंत झालं की ते अख्ख्या खानदेशात फिरणार. त्यांनी माझी फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. इतक्या दिवसांत असं करणारा हा पहिलाच माणूस होता, आणि तेवढ्याने मी विरघळले. ते म्हणाले, "पोरी, हात आहे तुझा. तीन दिवसांत एक नवरी काढून आण. मुंडावळ्या, नथ, खाली मान. जमली तर सोमवारपासून कामाला ये."

नवरी काढायची तर समोर बसायला कुणी हवं. मामीला वेळ नव्हता, मैत्रिणींनी हसण्यावारी नेलं. शेवटी मीच बसले. मामाचा दाढीचा आरसा खिडकीला टेकवला, मामीची नथ मागून घेतली. माझं नाक टोचलेलं नव्हतं, म्हणून मामीने कणकेच्या गोळीने ती डाव्या नाकपुडीला चिकटवली आणि बजावलं, "वाळली का पडी जाई, लवकर आटोप." सुतळीच्या मुंडावळ्या बांधून, मान खाली घालून, डोळे मात्र वर करून मी स्वतःला बघत राहिले आणि काढत राहिले. लहानपणी आखाजीच्या झोक्यावरून पडून माझी एक भुवई मधोमध फाटली होती, तिथे केस उगवत नाहीत. तीही मी इमानाने तशीच काढली. वाटलं, पुढे कधी सांगता येईल, ही पहिली नवरी मीच. तीन दिवस हात भरून आला, पण चित्र उतरलं. मी आजवर हजारांनी चित्रं काढली असतील. तसं दुसरं झालं नाही.

नानांनी चित्र उजेडात धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ते ड्रॉवरमध्ये ठेवून म्हणाले, "ठीक आहे, कळवतो." मी चित्र परत मागितलं तर म्हणाले, "पार्टीला दाखवायला लागेल ना?" सोमवारी गेले तर नाना जळगावला गेलेले. गुरुवारी गेले तर म्हणाले, "मशीनवर सगळे गडी. एक मुलगी ठेवली तर त्यांच्या तोंडची भाषा बदलावी लागेल, नाश्त्याला शेवभाजी खायला सगळे एका ताटात बसतात, तिथं तू कुठं बसणार? तुझ्याच भल्यासाठी सांगतो." चित्राचं विचारलं तर म्हणाले, पार्टीकडे राहिलं, आलं की देतो. आणि मी मूर्ख, मान डोलावून पायऱ्या उतरले. त्या वेळी राग यायला हवा होता. आला नाही, लाज वाटली. राग नंतर आला आणि मग गेलाच नाही.

मी गावी परतले. आखाजीला पंधरा दिवस उरले होते. माय पुरणपोळीचं खापर घासून पुसून ठेवत होती, पुरणासाठी डाळ निवडत होती, दारातल्या निंबाला झोका बांधला गेला होता आणि गल्लीतल्या पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. मी कोपऱ्यात बसून सगळ्यांवर चिडत होते, पोरींवरसुद्धा. त्यातच बोदवडहून आत्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. आबांनी चष्मा लावला, बोट फिरवलं, आपलं नाव चौथं सापडलं, घसा खाकरला. पत्रिका मायकडे गेली. मायच्या हातातलं सूप खाली आलं. तिने पत्रिका दाराच्या उजेडात नेली, तिथून माझ्याकडे पाहिलं, परत पत्रिकेकडे पाहिलं.

"हाई ते मनी आंडेर शे," ती म्हणाली. आंडेर म्हणजे लेक.

आबा म्हणाले, काही तरी बरळू नको. माय म्हणाली, "भवईवरला घाव दखा." आबांनी पत्रिका हिसकावून घेतली आणि जन्मात पहिल्यांदा पत्रिकेवरचं चित्र पाहिलं. सोनेरी वेलबुट्टी, लाल शालू, त्यात खाली मान घातलेली मी. मी काढलेली मी. नोकरी देता येत नाही, आणि चित्र मात्र चालतं, बोदवडपर्यंत चालतं. मी रडतच सगळी हकिकत सांगितली, आणि मला वाटलं, आता आबा माझ्या बाजूने पेटतील. आबा पेटले, पण भलत्याच कारणाने. "लगीनना आधी पोरनं तोंड गावोगाव फिरी ऱ्हायनं," ते म्हणाले. "वरणगाववालास्ना घरमा हाई पत्रिका गयी व्हयी ते? लोके काय म्हनतीन?" माझं चित्र चोरलं होतं, आणि माझ्या बापाला चोरी दिसत नव्हती, माझा चेहरा दिसत होता. त्या रात्री मी जेवले नाही. माय तेवढी पत्रिका कोठीवर चिकटवून मोकळी झाली आणि आबांनी ती काढायला हात उचलला तेव्हा आयुष्यात एकदाच तिने त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आबा मला घेऊन धुळ्याला गेले. नानांच्या काउंटरवर साक्रीकडचीच एक बाई आणि तिचा भाऊ मुलीच्या लग्नासाठी पत्रिका निवडत बसले होते, आणि त्यांच्यापुढे नेमकी माझीच नवरी होती. आबा शहरात आले की शुद्ध बोलायला बघायचे. ते म्हणाले, "आमच्या पोरीचं तोंड तुम्ही गावोगाव वाटून राहिले. हे बंद करा." नाना जराही गडबडले नाहीत. त्यांनी आबांना खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "आबा, तुमचा गैरसमज होतोय. हे डिझाईन मुंबईहून आलं. तिथला मोठा आर्टिस्ट आहे. तुमची पोर इथं नोकरी मागायला आली होती, तिनं पाहिलं असेल. नवऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात."

चोर तो चोर, वर शिरजोर. पण मला नानांपेक्षा जास्त झोंबलं ते आबांचं बघणं. आबांचा चेहरा एकदम सैल पडला. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मंग हाई तू नही ते. चाल घर." ते डोळ्यांनी मला विनवत होते. मी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसले की नवरी मुंबईची होणार, आबांची अब्रू वाचणार, वरणगावचं स्थळ राहणार आणि आखाजीला मला हळद लागणार. बोलले की माझं चित्र माझं होणार आणि चार माणसांत बापाची मान खाली जाणार. माझ्या जागी कुणी शहाणी असती तर तिने विचार केला असता. मी केला नाही. मी इतकी चिडलेली होते की मला विचार करायला जागाच उरली नव्हती.

मी त्या अनोळखी बाईपुढे पत्रिका सरकवली आणि म्हटलं, "मावशी, हिची नथ बघा." बाईने पाहिलं. तिचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या नाकपुडीवर गेला, मग तिने पत्रिकेतल्या नवरीच्या नाकावर बोट ठेवलं. "हाई बाजूले नथ कोन घालस?" ती म्हणाली. मी म्हटलं, "मी घातली. बरोबर डावीकडे घातली होती, पण समोर दाढीचा आरसा होता. आरशात दिसलं तसं काढलं, म्हणून चित्रात ती उजवीकडे गेली. मुंबईचा मोठा आर्टिस्ट समोर बाई बसवून काढतो, त्याची अशी चूक होणार नाही. ही चूक करायला घरात एकटी पोर आणि मामाचा आरसा लागतो." काउंटरवर छपाईतला खराब कागद पडला होता. तो उलटा करून, तिथलीच पेन्सिल घेऊन मी उभ्या उभ्या ती नवरी पुन्हा काढली, फाटक्या भुवईसकट. रेघ एकदाही अडली नाही. मशीनवरचे गडी हातातलं काम टाकून बघत होते. इतक्या हजार पत्रिका त्यांच्या हाताखालून गेल्या, दुकानादुकानांत विकल्या गेल्या, आणि नथ कुठे आहे ते एकाही पुरुषाला दिसलं नव्हतं.

बाईने पत्रिका बंद करून परत ढकलली. "उलटी नथनी नवरी आम्हाले नको, भाऊ. अपशकून शे," ती म्हणाली आणि उठली. तिच्या मागोमाग तिचा भाऊ उठला.

त्या क्षणी नानांची मुंबई संपली. मागच्या खोलीत छताला टेकेल एवढा या नवरीचा साठा होता, आणि ही गोष्ट एकदा बायकांच्या तोंडी गेली की तो रद्दीत जाणार हे त्यांना माझ्याआधी कळलं. नानांनी माफी मागितली नाही. चूक झाली, असंही म्हणाले नाहीत. ड्रॉवर उघडला, माझं मूळ चित्र बाहेर काढलं, ते तिथेच होतं इतके दिवस, आणि म्हणाले, "सोमवारपासून ये कामाला. पण आधी हे नीट कर. नथ डावीकडे घे. आणि ती भुवई भर, खोट दिसते." मी म्हटलं, खाली कोपऱ्यात माझं नाव टाकायचं. नाना हसले. "पत्रिका कुणाच्या लग्नाची, आणि नाव कुणाचं?" त्यांच्या छापखान्याचं नाव मात्र प्रत्येक घडीच्या मागे, बारीक अक्षरात, होतंच. ते कुणाच्या लग्नाचं होतं?

मी आबांकडे पाहिलं. आबा खुर्चीत मान खाली घालून बसले होते, अगदी माझ्या नवरीसारखे. ते एवढंच म्हणाले, "करी टाक."

आणि मी केलं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. माझ्या तोंडून 'नाही' निघायला हवं होतं, आणि मी खुर्ची ओढून बसले. पांढऱ्या रंगाने आधी उजव्या नाकपुडीवरची नथ बुजवली, रंग वाळेपर्यंत भुवईतली फट बारीक केस काढून भरली, मग डावीकडे नथ काढली. सगळं मिळून अर्धा तासही लागला नाही. नाना खूश झाले, कारण आता नवरी विकण्याजोगी झाली. आबा खूश झाले, कारण आता ती त्यांची मुलगी राहिली नाही. दोघांचंही काम मी एकाच कुंचल्याने करून दिलं, आणि मला नोकरी लागली. परतीची गाडी साक्रीला आली. उतरायच्या आधी आबांनी एकच विचारलं, "भवई बुजी दिधी ना?" मी हो म्हटलं. बापाशी इतकं तुटक मी त्याआधी कधी बोलले नव्हते, आणि नंतरही आमचं बोलणं पुरतं पूर्वीसारखं झालं नाही.

त्या नोकरीत मी सहा वर्षं काढली, मग जळगावला स्वतःचं काम सुरू केलं. वरणगावचं स्थळ वर्षभर थांबलं नाही; लग्न मी माझ्या मर्जीने उशिरा केलं आणि त्या पत्रिकेवर चित्र घातलंच नाही, नुसती अक्षरं. लोक म्हणतात, बाई, तुमचा पहिलाच झेंडा केवढा उंच, भर दुकानात चोराला पकडलंत. त्यांनी अर्धीच गोष्ट ऐकलेली असते. मीही त्यांना अर्धीच सांगत आले.

त्याच वर्षीच्या आखाजीला मी दोन दिवसांची सुट्टी घेऊन घरी गेले, कमावती म्हणून. माय खापरावर पुरणपोळी टाकत होती, शेजारी आमरसाचं पातेलं. नव्याने छापलेली पत्रिका मी पिशवीत नेली होती. शाई अजून ओली वाटावी इतकी ताजी, नथ डावीकडे, भुवई सलग. रागाच्या पोटात कुठेतरी मला वाटत होतं की मायने ती बघावी, 'नाक बरं शे' म्हणावं, आणि जुनीच्या शेजारी कोठीवर लावावी. मायने हात पदराला पुसले, पत्रिका घेतली, दारातल्या उजेडाकडे नेली. बराच वेळ बघत राहिली. मग ती माझ्या हातात परत देत म्हणाली, "हाई कोन शे?" आणि पोळी उलटायला चुलीकडे वळली.